राहून गेलेले आभार

ती जन्मली तेव्हा तिच्या पहिल्याच रडण्यानं सुईणीनं कानात बोटं घातली, असं तिचे वडील सांगायचे. वडील प्रत्येक गोष्ट फुगवून सांगत, पण ही निम्मी तरी खरी असावी. दारातून तिनं 'आले गं' म्हटलं की तिसऱ्या गल्लीतली मैत्रीण चपला घालायला लागायची. लग्नाचं वय झालं तेव्हा आत्यानं स्पष्टच सांगितलं, "पोरीला जरा हळू बोलायला शिकवा. पाहुणे फाटकावरूनच परत फिरतात."

शेवटी लग्न झालं ते लाउडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याशी. लोकांना आयतंच फावलं. "घरात भोंगा आणलास, आता दुकानातले विकून टाक," असं त्याला तोंडावर म्हणाले. त्यानंही हसून घेतलं. तो मुळात बोलायचाच कमी. दोघांना मिळून मिळालेला आवाज पुरेसा होता, वाटणी तेवढी चुकली होती. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला भोंगे, खिळ्यांना वायरींची वेटोळी, टेबलावर पोट उघडून ठेवलेलं मशीन आणि त्यात मान घालून बसलेला तो. अख्ख्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य म्हणजे माइक तपासताना म्हणायचं ते. बाकीचे लोक 'एक, दोन, तीन' म्हणतात. हा माइकवर दोनदा फुंकर मारायचा आणि विचारायचा, "मागे ऐकू येतंय का?"

मागे, मैदानाच्या फाटकाशी, ती उभी असायची. ऐकू आलं की हात वर करायची. एवढ्या आवाजाची बाई, पण उत्तर द्यायची ते न बोलता. त्याला याची फार गंमत वाटे. ती हात वर करताना तो हसतोय हे तिला तेवढ्या लांबूनही कळायचं.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात पुकाऱ्याच्या कामाला होती. डोळ्यांत थेंब घातलेले रोगी बाकांवर डोळे मिटून ओळीनं बसलेले असत. त्यांना नुसत्या आवाजावर उठवायचं, वळवायचं आणि डॉक्टरांच्या दारातून आत पोचवायचं, हे तिचं काम. "निळा सदरा, उठा. सरळ चला. आता डावीकडे. अहो, ती भिंत आहे, डावीकडे!" डॉक्टर आले नि गेले, ती राहिली. बदलीवर जाताना एक डॉक्टर म्हणाले होते की रोग्यांची नजर आम्ही सुधारतो, पण त्यांना चालवता तुम्ही. तिनं ते घरी जाऊन नवऱ्याला मोठ्यानं सांगितलं. म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं.

आणि वर्षातून एक दिवस ती आभारबाई व्हायची.

राष्ट्रदिनाचा कार्यक्रम दवाखान्यासमोरच्या मैदानावर होई. झेंडा, शाळेच्या मुलांचं संचलन, बँड, भाषणं, आणि सगळ्यात शेवटी आभारप्रदर्शन. आभारप्रदर्शन म्हटलं की जगात सगळीकडे लोक उठून कपडे झटकायला लागतात. इथं तसं नव्हतं. इथं समितीचा एक नियम होता, आणि तो कुणी घालून दिला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आभार मानून झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही आणि सामानाला हात लावायचा नाही. ज्याचे आभार मानले त्याचं काम संपलं, तो मोकळा. ज्याचे मानायचेत तो अजून कामावर. नियम तसा सोयीचा होता, त्यामुळे कधी गोंधळ झाला नाही. आधीचे आभार मानणारे गृहस्थ एका वर्षी घसा बसून आले आणि कुणीतरी म्हणालं, दवाखान्यातल्या बाईंना बोलवा, त्यांचा घसा बसायचा नाही. तेव्हापासून हे काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तिच्या हातात कधी कागद नसे. ती मैदानाच्या फाटकापासून सुरुवात करी आणि नजर जशी मंचाकडे सरके तसे एकेकाचे आभार मानत येई. फाटकाशी रांगा लावणारे, चहा देणारे, बँडवाले, मुलं आणि त्यांच्या कवायतीचे गुरुजी, खुर्च्या नि मंडपाची कनात पुरवणारा मंडपवाला, मग समितीचे अध्यक्ष. नाव घेतलं की माणूस उभा राहायचा, टाळ्या पडायच्या, तो खाली बसायचा. शेवटी राहायचा तो मंचाच्या कडेला मशीनपाशी बसलेला तिचा नवरा. "आणि माझा आवाज जे तुमच्यापर्यंत पोचवतात, त्या ध्वनिव्यवस्थापकांचे मनापासून आभार," असं ती म्हणायची. तो तिच्याकडे बघून विचारायचा, "बंद करू का?" ती मान हलवायची. मग बटण फिरायचं, भोंग्यातली घरघर थांबायची आणि कार्यक्रम संपायचा. घरी येताना मंडपवाला दरवर्षी तीच थट्टा करायचा, की वहिनी वर्षातून एकदाच नवऱ्याचे आभार मानते, तेही दुसऱ्याच नावानं. थट्टा शिळी होती पण खोटी नव्हती.

गेल्या वर्षी मात्र आभार राहिले.

दोष द्यायचाच तर अध्यक्षांच्या भाषणाला द्यावा. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं आणि दुकानात ते दोन शब्दांत गिऱ्हाईक कटवत, पण माइक दिसला की त्यांना पाझर फुटायचा. आकाश एका अंगानं काळं होत होतं. अध्यक्ष 'शेवटचा मुद्दा' म्हणाले, मग 'आणखी एकच' म्हणाले. तेवढ्यात वारा सुटला. कनात फाटली, खुर्च्या आडव्या झाल्या, आयाबापांनी पोरं उचलली आणि मैदान बघता बघता रिकामं झालं. तिनं पहिल्या रांगेतल्या सासूबाईंना दंडाला धरलं आणि घर गाठलं. सासूबाईंना ऐकू येत नसे. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यांनी ते एक दिवस वापरलं आणि 'यातून माणसं नाही, भांडी ऐकू येतात' म्हणून खणात टाकलं. ढग गडगडत होते नि त्या आपल्या शांतपणे चालत होत्या.

सासूबाईंना कोरडं करून ती छत्री घेऊन परत गेली. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मंचावर एकटा तो होता. ताडपत्री मशीनवर घातलेली, आणि आपण ताडपत्रीच्या बाहेर.

"अहो, चला घरी," ती ओरडली.

"आभार राहिलेत."

"कुणाचे मानू आता? खुर्च्यांचे?"

"माझे मान. दोन शब्द. मशीन बॅटरीवर चालू आहे. तू बोल, मी बंद करतो."

त्यानं माइक पुढे केला. तो हसत होता, म्हणजे थट्टाच होती. पण हात पुढे केला तो तसाच ठेवला. ती नखशिखांत भिजली होती, एक चप्पल चिखलात रुतली होती, आणि अशा वेळी माणसाला थट्टेचा जितका राग यावा तितका तिला आला. "वेड लागलंय का तुम्हाला? रिकाम्या मैदानापुढं भाषण करू? या तुम्ही सावकाश," असं म्हणून तिनं छत्री त्याच्या पायाशी ठेवली आणि ती निघून आली. तो अंधार पडायच्या सुमाराला आला. अंगात कापरं भरलं होतं. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. तो आठवडा काही त्यानं पुरा केला नाही.

मंडपवाला त्याचं सामान घरी पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, मशीनचं बटण चालूच होतं. बॅटरी उतरली म्हणून थांबलं." तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. मैदानाच्या कोपऱ्यातल्या खांबावर एक भोंगा तेवढा राहिला. तो काढायला वर चढायचा नवराच. त्याच्यानंतर कुणाला तो काढावासा वाटला नाही. वायर तोडून खाली लोंबत ठेवली आणि सगळे गेले.

पहिली गोष्ट मंडपवाल्याच्या गोदामात घडली. संध्याकाळी त्यानं खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, कुलूप घातलं. सकाळी दार उघडतो तर सगळ्या खुर्च्या उघडलेल्या, ओळीनं मांडलेल्या, मधे जायला वाट सोडलेली. सगळ्यांची तोंडं समोरच्या भिंतीकडे. त्यानं गड्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या सकाळी तेच. मग त्यानं मांजरावर ठपका ठेवला. मांजर खुर्ची उघडत नाही, हे त्याला बायकोनं सांगावं लागलं. त्यानं कुलूप बदललं, मग गडी बदलला, मग सकाळी गोदामात एकट्यानं जायचं सोडून दिलं.

शाळेत त्याहून वाईट. संचलनात होती ती मुलं वर्गात बसल्या बसल्या एकदम उभी राहायची, हात सरळ, नजर समोर. हाक मारली तर ऐकू जात नसे. गुरुजी एकेकाचे खांदे दाबून त्यांना खाली बसवत. बसली की मुलं विचारायची, "काय झालं गुरुजी?" बँडवाले लग्नात वाजवायला गेले आणि वरमाला घालताना बँड आपोआप संचलनाच्या चालीवर गेला. नवरदेवाचे पायही त्या तालावर पडायला लागले. लोक हसले, पण तुतारीवाला हसला नाही. बोटं आपली राहिली नाहीत, असं तो नंतर म्हणाला.

आणि मग भोंगा बोलला.

दुपारची वेळ. दवाखान्याची मोठी खिडकी मैदानाकडे उघडते. बाकांवर थेंब घातलेले रोगी डोळे मिटून बसले होते आणि ती पुढचा पुकारा करायला तोंड उघडत होती. बाहेर खरखर झाली. कुणीतरी दोनदा फुंकर मारली. "मागे ऐकू येतंय का?"

बाकांवरच्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी माना खिडकीकडे वळवल्या. डोळे मिटलेलेच. एक म्हातारा म्हणाला, "येतंय, येतंय." आवाज थांबला नाही. परत फुंकर, परत तोच प्रश्न, जरा काळजीनं. खिडकीपर्यंत ती कशी गेली हे तिला नंतर आठवेना, पण सवयीचा हात आपोआप वर गेला. भोंगा गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अध्यक्षांनी वायरमन आणला. त्यानं तुटलेली वायर हातात धरून दाखवली आणि कानांवर हात ठेवले. "हवेतल्या लहरी पकडत असेल," असं अध्यक्षांनी ठरवून टाकलं. रंगकाम करणारा एक माणूस भोंगा काढायला शिडीवर चढला आणि तसाच उतरला. घाम पुसत म्हणाला, भोंग्याचं तोंड गरम आहे, आत्ता कुणी त्यातून श्वास सोडल्यासारखं. तो परत त्या रस्त्यानं गेला नाही.

आता खरं सांगायचं तर तिला भीती वाटली ती पहिले काही दिवस. पुढे ती दुपारची वाट बघायला लागली. सकाळी इस्त्रीचे कपडे घालायला लागली. केस नीट करून दवाखान्यात जायला लागली. बहिणीकडे राहायला गेली नाही, भाचीच्या लग्नाला गेली नाही. "दुपारी काम असतं," एवढंच सांगायची. एकदा मात्र ताप होता म्हणून घरी पडून राहिली. त्या दिवशी भोंगा दिवेलागणीपर्यंत विचारत राहिला. शेवटी शेवटी तर 'मागे कोणी आहे का?' असं विचारू लागला, असं शेजारणीनं तोंड पांढरं करून येऊन सांगितलं. त्यानंतर तिनं तापातही रजा घेतली नाही.

बायकोनं मेलेल्या नवऱ्याला रोज हात करावा, हे लोकांना विचित्र वाटलं. तिला नाही वाटलं. जिवंत असताना तो इतकं कुठं बोलत होता?

एकदा रविवारी, दवाखाना बंद असताना, ती घरीच भाजी चिरत होती. घर मैदानापासून चांगलं लांब. तिथं भोंगा ऐकू येणं शक्यच नव्हतं, तिलाही येत नव्हता. रविवारी ती मैदानावर मुद्दाम फेरी मारून यायची, त्या दिवशी जरा उशीर झाला होता. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी अचानक मान वर केली.

"अगं, त्याला सांग ना जाऊन, ऐकू येतंय म्हणून. किती वेळ विचारतोय."

तिच्या हातातली सुरी खाली पडली. सुरीचा आवाज सासूबाईंना ऐकू आला नाही. दारावरची थाप त्यांना ऐकू येत नव्हती, आणि शेजारच्या बांधकामावरच्या हातोड्यानंही त्यांची मान कधी हलली नव्हती. पण मुलगा ऐकू येत होता.

"तुम्हाला ऐकू येतं, आई?" तिनं ओठ हलवून विचारलं. त्या ओठांवरून बोलणं ओळखत.

"तोच तेवढा येतो. पहिल्या दिवसापासून. तुला कशाला सांगू? तू म्हणाली असतीस, म्हातारीला भास होतात."

तेव्हापासून घरात दोन बायकांमधे एक गोष्ट झाली, जिच्याविषयी त्या बोलत नव्हत्या. दुपार झाली की एक दवाखान्याच्या खिडकीशी जायची आणि दुसरी घरी खुर्चीत सरळ होऊन बसायची. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हाही सासूबाईंचा चेहरा उजळलेला असायचा. कितीतरी वर्षांत त्यांच्या कानात काही शिरलं नव्हतं, आणि आता रोज पोराचा आवाज शिरत होता. ते बघून तिला वाटायचं, चाललंय ते चालू दे. कुणाचं काय बिघडतंय?

बिघडत होतं. राष्ट्रदिन पुन्हा जवळ यायला लागला तसा आवाज बसत चालला. फुंकर दमून आल्यासारखी यायला लागली. आणि एका दुपारी तिनं हात वर केल्यावर भोंगा गप्प व्हायच्या ऐवजी दुसरं काही बोलला.

"बंद करू का?"

तिनं हात झटकन खाली घेतला आणि खिडकी लावून घेतली. "हिरवी साडी, उठा," ती इतक्या जोरात ओरडली की तीन बायका एकदम उठल्या.

पुढच्या दुपारी ती हात वर करून लगेच आत पळाली, पुढचा प्रश्न यायच्या आत. आपल्यापुरता तिनं प्रश्न सोडवला होता. एका कानानं ऐकायचं नि दुसऱ्यानं सोडून द्यायचं, हे जिला आयुष्यात जमलं नव्हतं, ती आता दोन्ही कान बंद करायला शिकली होती.

मंडपवाला घरी आला तो याच सुमाराला.

"वहिनी, मी विचार करकरून थकलो. खुर्च्या मांडतात, मुलं उभी राहतात, बँड वाजतो. जो जो त्या दिवशी कामावर होता, त्याचं काम सुटत नाही. आपले आभार राहिलेत, वहिनी. मागच्या वर्षीचे. ते मानून टाका ना."

"अध्यक्षांना विचारलंत?"

"ते म्हणाले, वर्षभरानं आभार म्हणजे वरातीमागून घोडं. पण झोप त्यांनाही नाही. आरशासमोर उभं राहून शेवटचा मुद्दा, शेवटचा मुद्दा करतात म्हणे. बायको माहेरी गेली. तुमच्या तोंडून आभार झाले की सगळे मोकळे. सगळे म्हणजे… तोही."

"तुमचे मानते भाऊ. बँडचे मानते, मुलांचे मानते. पण त्यांचं नाव काढू नका."

"त्याला ठेवून कसं चालेल?"

"चालतंय की," ती म्हणाली. "वर्षभर चाललंय."

मंडपवाला गेला. ती वळली तर सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. बोलणं ओठांवरून सगळं वाचलं होतं त्यांनी.

"शेजारीण सांगत होती, तू हात वर करतेस आणि पळतेस," त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा आवाज कधी चढतो, कधी पडतो; तो आता नुसता पडला होता. "पुढचं मी ऐकते. बंद करू का, बंद करू का. दुपारभर. मी काय सांगू त्याला? मला माइक आहे?"

"आई, ते बंद झाले तर तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. पुन्हा सगळं…"

"ठाऊक आहे."

"मग?"

"अगं, मी त्याची आई आहे, रेडिओची गिऱ्हाईक नाही. उभ्या उभ्या बोलतोय तो. वर्षभर भिजल्या अंगानं उभा आहे. त्याला 'बस' म्हणायला कुणी नाही का?"

ती रागानं आतल्या खोलीत निघून गेली आणि तिनं दार लावून घेतलं. राग सासूबाईंचा नव्हता. त्या दिवशी पावसात दोन शब्द बोलायला जी जीभ वळली नाही, तिचा होता. पण तो कुणावर काढणार? आणि खोटं कशाला बोला, तिला नवरा हवा होता. खरखरीत, दमलेला, कापत असलेला, कसाही. अजिबात नसण्यापेक्षा दुपारी एक वाक्य विचारणारा बरा. असं वाटणं वाईट आहे हे तिला कळत होतं, आणि तरी वाटत होतं.

राष्ट्रदिन उजाडला. नवा ध्वनिव्यवस्थापक दुसऱ्या भागातून आणलेला, काळे चौकोनी स्पीकर, हातात मोबाइल. त्याला या गोष्टी ठाऊक नव्हत्या आणि कुणी सांगितल्याही नाहीत. झेंडा वर गेला. मुलांचं संचलन झालं, बँड झाला. अध्यक्षांनी भाषण इतकं थोडक्यात आटोपलं की लोकांना ते कळायच्या आत संपलं होतं. सगळं मैदान तिच्याकडे बघायला लागलं. एवढी गर्दी कधीच नव्हती. ज्यांचा समितीशी संबंध नाही तेही आले होते, फाटकाबाहेर सायकली धरून उभे होते. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या.

"आधी मागच्या वर्षीचे," ती म्हणाली.

ती फाटकापासून निघाली. रांगा लावणाऱ्यांचे आभार मानले. चहावाल्याचे मानले. बँडवाल्यांचे मानले, तेव्हा तुतारीवाल्यानं आपली बोटं उघडून मिटून पाहिली. मुलांचे मानले. इतका वेळ ताठ बसलेल्या त्या पोरांचे खांदे एकदम खाली आले आणि लगेच त्यांच्यात चिमटे काढणं सुरू झालं. गुरुजींनी त्यांना दटावलंसुद्धा नाही. मंडपवाल्याचं नाव घेतलं तसा तो उभा राहिला, त्यानं मान लववली आणि तो खुर्ची न बघताच खाली बसला. मागच्यानं सावरलं म्हणून पडला नाही. अध्यक्षांनी डोळे पुसले. मग तिनं या वर्षीच्यांचे मानले. शेवटी नव्या ध्वनिव्यवस्थापकाचे मानले आणि ती थांबली.

नव्या पोरानं बटणाकडे हात नेला. मंडपवाल्यानं लांबूनच हात हलवून त्याला थांबवलं.

कुणी हललं नाही. टाळ्या नाहीत, खोकला नाही. कोपऱ्यातल्या खांबावर खरखर झाली. भर सकाळी, सगळ्यांसमोर, कुणीतरी फुंकर मारली. एकदाच. दुसरीचा दम उरला नव्हता.

"बंद करू का?"

पुढच्या रांगेत एका बाईनं मुलाचे कान झाकले. कुणाची तरी सायकल पडली, ती कुणी उचलली नाही. नवा पोरगा आपल्या मशीनकडे बघत होता, मग खांबाकडे, मग लोंबणाऱ्या वायरीकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

तिनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते, मान खांबाकडे तिरपी. त्या ऐकत होत्या. पुन्हा मिळायचा नाही म्हटल्यावर माणूस शेवटचा घास जसा सावकाश खातो, तशा ऐकत होत्या. तिला वाटलं, नाही बोलत. मंचावरून उतरून जाते. कोण काय करणार आहे माझं?

"बंद करू का गं?" भोंगा म्हणाला. या वेळी ते सगळ्या मैदानासाठी नव्हतं.

"मागच्या वर्षी पावसात उभं राहून ज्यांनी आपलं मशीन भिजू दिलं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच असा फाटला की मागच्यांना तो ओळखू आला नाही. ध्वनिव्यवस्थापक हा शब्द तिच्या तोंडात येईना. "अहो, मी तुमची फार आभारी आहे. त्या दिवशी म्हणायला हवं होतं. किती वाट बघितलीत हो. करा बंद आता. बसा."

बटण फिरल्याचा आवाज झाला. आणि मग घरघर थांबली. ती घरघर वर्षभर सगळ्यांच्या कानात होती हे थांबल्यावर कळलं. मैदान इतकं शांत झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती तेवढं ऐकू येत होतं. कुणीही टाळी वाजवली नाही.

ती मंचावरून खाली आली. सासूबाई अजून डोळे मिटून, मान तिरपी करून बसल्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले. खांबाकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आपल्या समोर गुडघे टेकून बसलेल्या सुनेकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण ती रडत होती आणि रडणाऱ्या ओठांवरून काही वाचता येत नाही.

"झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आई."

"काय?"

"झालं!" ती ओरडली, आयुष्यात कधी ओरडली नव्हती इतक्या जोरानं. दवाखान्याच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, फाटकाबाहेरची माणसं दचकली. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि बोटं तिच्या गळ्यावर ठेवली.

"परत म्हण."

"झालं," ती म्हणाली, इतक्या हळू की शेजारच्या खुर्चीवरच्यालाही ते ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी मान हलवली. थोडा वेळ हात तसाच ठेवला, आणि मग उठायला तिचा आधार मागितला.